पश्चिमेच्या भिंतीवरचं पीव्हीसी क्लॅडिंग पांढरं पडलंय : धुवावं, रंगवावं की उतरवावं?

पठारावरचा | १९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घर पर्वरीला, अगदी पठाराच्या कडेला, वारा अडवायला समोर काही नाही. भिंती चिऱ्याच्या, वर सिमेंटचा गिलावा. पश्चिमेकडून झड अशी लागायची की वरच्या मजल्यावरची खोली दर पावसाळ्यात आतून ओली. म्हणून काही वर्षांपूर्वी गिलाव्यावर पट्ट्या ठोकून बाहेरून पीव्हीसीचं क्लॅडिंग बसवून घेतलं. अमेरिकेतल्या घरांना असतं तसं, एकमेकांत अडकणाऱ्या आडव्या फळ्यांचं. ओल थांबली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार रंगाची आहे. घेतला होता निळसर करडा. आता पांढुरका झालाय आणि हात फिरवला की तळव्याला पीठ लागतं. गंमत म्हणजे छपराच्या पागोळीखाली ज्या फळ्या आहेत, ज्यांच्यावर पाऊस कमी पडतो, त्यांच्यावर हे पीठ सर्वांत जास्त. खालच्या त्यामानाने बऱ्या, पण तिथून चिऱ्याच्या उघड्या जोत्यावर पांढरे ओघळ उतरलेत. उत्तरेच्या भिंतीवर पीठ नाही, तिथे हिरवं शेवाळ. आणखी एक, पाऊस पडत असताना भिंत छान दिसते. उघडीप मिळाली, वाळली, की पुन्हा भुरकट.

चवथ तोंडावर आलीय, घर पाहुण्यांनी भरणार. पेंटर म्हणतो, ऑइलपेंटचे दोन हात मारू, विषय संपला. शेजारचे काका म्हणतात, खोबरेल तेलाने पुसून काढ. त्यांनी कोपऱ्यातला एक तुकडा पुसून दाखवलासुद्धा, तो अगदी नव्यासारखा झाला. बायको म्हणते, तो तुकडा ठेवा आणि बाकी सगळं उतरवा. काय करू?

खाडीकाठ | १९ जुलै, रात्री १०:०५

उतरवा. गोव्यात चिऱ्याच्या घराला प्लॅस्टिकचा कोट घालायची अवदसा आठवलीच कशी?

पठारावरचा | १९ जुलै, रात्री १०:११

खोलीत कपाटामागे बुरशी बघितली असतीत तर हे विचारलं नसतंत.

न्यूजर्सीची_वहिनी | २० जुलै, सकाळी ६:५०

आमच्याकडे गल्लीत जवळजवळ प्रत्येक घर याच व्हिनाइल सायडिंगचं, त्यामुळे हे पीठ ओळखीचं आहे. इथे याला चॉकिंग म्हणतात. नवऱ्याचा काळा कोट भिंतीला घासला की खडू पुसायच्या डस्टरसारखा दिसतो.

घाबरू नका, पण चवथीच्या घाईत रंगही लावू नका. आधी नुसतं धुवा. पद्धत सांगते:

बादलीत कोमट पाणी आणि साधा सौम्य डिटर्जंट. गाडी धुवायचा लांब दांड्याचा मऊ ब्रश. खालून वर घासत जायचं, कारण वरून सुरुवात केली तर मळकट पाणी खालच्या कोरड्या फळ्यांवर ओघळतं आणि त्या रेघा नंतर निघत नाहीत. घासून झालं की मात्र वरून खाली भरपूर पाण्याने धुवून काढायचं. साबण भिंतीवर वाळू द्यायचा नाही. थोडा थोडा भाग घ्यायचा.

शेवाळ आणि काळ्या ठिपक्यांसाठी इथले सायडिंगवाले ३० टक्के पांढरं व्हिनेगर, ७० टक्के पाणी असं मिश्रण सांगतात. ते उत्तरेच्या भिंतीला लावा. ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, फर्निचर पॉलिश, तारेची घासणी, भांड्यांची खरखरीत पावडर यांतलं काहीही भिंतीजवळ नेऊ नका.

कुळागर | २० जुलै, सकाळी ८:२०

एवढा वेळ कुणाला आहे? गाड्या धुणाऱ्याकडून प्रेशर पंप भाड्याने आणा, अर्ध्या तासात काम.

न्यूजर्सीची_वहिनी | २० जुलै, सकाळी ८:३२

अर्ध्या तासात पाणी फळ्यांच्या मागेसुद्धा जाईल. या फळ्या वरून येणारा पाऊस बाहेर टाकतील अशा एकमेकींवर बसवलेल्या असतात. खालून वर मारलेला जोर त्या अडवत नाहीत. पंप वापरायचाच असेल तर नळी डोळ्यांच्या उंचीला सरळ धरायची, जोर कमी ठेवायचा, खिडक्यांच्या कडा आणि सांधे टाळायचे. ज्या ओलीसाठी एवढा खर्च केला तीच पुन्हा आत घालायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

पॉलिमर_पात्रांव | २० जुलै, दुपारी ३:१५

फोंड्याजवळ पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. लांबेल, चहा घेऊन बसा.

पीव्हीसीवर ऊन पडलं की त्यातल्या अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटायला लागतात. साखळीतून हायड्रोजन क्लोराइड निसटतो आणि मागे एकाआड एक दुहेरी बंधांची माळ उरते. ही माळ लांब झाली की प्लॅस्टिक पिवळं दिसतं. हे होऊ नये म्हणून त्यात टिटॅनियम डायऑक्साइड घालतात, तेच पांढरं रंगद्रव्य जे रंगाच्या डब्यातही असतं. ते किरण स्वतःवर घेतं, पण त्याचाही एक गुण आहे: ऊन, ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की ते आपल्या शेजारच्याच प्लॅस्टिकला कुरतडायला लागतं. ॲनाटेज जातीचं जास्त, रुटाइल जातीचं पुष्कळ कमी, आणि रुटाइलच्या कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचं आवरण चढवलेलं असेल तर आणखी कमी. वरचा पापुद्रा असा झिजला की आत अडकलेले रंगद्रव्याचे आणि खडूच्या भुकटीचे कण मोकळे होतात. तुमच्या तळव्याला लागतं ते हेच.

कोरड्या वाळवंटात पिवळेपणा जास्त, दमट उन्हात पीठ जास्त. अमेरिकेत असला माल फ्लोरिडात आणि ॲरिझोनात उघड्यावर टांगून तपासतात तो यासाठीच. आपला गोवा फ्लोरिडाच्या पंगतीतला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मार्च ते मे तसलं ऊन.

पागोळीखाली पीठ जास्त का? तिथेही ऊन पोचतंच, पण पाऊस धुऊन नेत नाही. खालच्या फळ्यांवरचं पीठ दर पावसाळ्यात वाहून जातं, तेच तुमच्या जोत्यावर ओघळलंय. म्हणजे बऱ्या दिसणाऱ्या फळ्या कमी झिजल्यात असं समजू नका.

आता मुद्द्याचं. भिंत मळलीय, पिठाळलीय की तिचा रंगच उडालाय, हे आधी वेगळं करा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तुम्हीच लिहिलंय की ओली असताना रंग परत दिसतो. याचा अर्थ निदान बराचसा रंग शाबूत आहे. पृष्ठभाग खडबडीत झाला की उजेड सगळीकडे विखुरतो आणि डोळ्यांना पांढुरकं दिसतं. पाणी ते खड्डे भरून काढतं. काकांच्या तेलाने दुसरं काही केलेलं नाही. ओली करूनही जी फळी फिकीच राहील, तिचं रंगद्रव्य मेलं. ते कुठल्याही साबणाने जिवंत होत नाही.

मूळ रंग बघायचा असेल तर भिंतीवरच्या दिव्याची बैठक सोडवून मागे बघा.

पठारावरचा | २० जुलै, संध्याकाळी ७:४८

दिवा सोडवला. मागे जो रंग निघाला तो बघून बायको म्हणाली, "असा होता?" ओल्या भिंतीशी ताडून बघितला. पश्चिमेची ओली असताना बरीच जवळ जाते, पण दक्षिणेच्या काही फळ्या ओल्या करूनही फिक्याच.

तेलाचं काय? काका रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून त्या तुकड्याकडे बघतात.

पॉलिमर_पात्रांव | २० जुलै, रात्री ८:३०

खोबरेल तेलावर धूळ बसणार, त्यावर बुरशी बसणार, आणि पुढे खरा रंग लावायचा ठरलं तर तो धरणार नाही. गाडीच्या डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश किंवा वॅक्स यांचंही तेच. सिलिकॉनवाली रिस्टोअरर द्रव्यं मिळतात, ती थोडा काळ टिकतात, पण आपल्या एका जून-जुलैपुढे त्यांचा भरवसा मी देणार नाही. काकांना सांगा, तेल माशांसाठी ठेवा.

आके_मडगांव | २१ जुलै, सकाळी ९:१०

शेवाळाला विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर कालवून मारा. स्वस्त आणि मस्त. वरून थोडं व्हिनेगर मारलं की दुप्पट काम.

पॉलिमर_पात्रांव | २१ जुलै, सकाळी ९:१६

थांबा! ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र नाही. क्लोरीन वायू सुटतो. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर तर त्याहून वाईट. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही नाही. एकाच दिवशी एकाच भिंतीवर दोन्ही नकोत.

आणि ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो. तो विरघळत नाही, वाळला की पांढरा थर बसतो, मग तुम्ही म्हणणार पीठ परत आलं. ब्लीच वापरायचंच तर पातळ द्रव मिळतं ते, भरपूर पाणी घालून, आणि खालची झाडं आधी पाण्याने भिजवून.

आम्लाचं आणखी एक. स्वस्त फळ्यांत खडूची भुकटी सढळ हाताने घातलेली असते आणि खडू आम्लात विरघळतो. सौम्य व्हिनेगर लावून लगेच धुतलंत तर बिघडत नाही. फरशी पुसायचं ॲसिड लावलंत तर भिंतच खरवडली जाईल.

सांखळीकर | २१ जुलै, सकाळी १०:०२

आमच्याकडे उलटा प्रकार, पांढरी फळी आणि तिच्यावर खनिजाची आणि तांबड्या मातीची शिंतोड्यांची नक्षी. साबणाने गेली नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी लावून, थोडा वेळ ठेवून धुतल्यावर गेली. हातमोजे घाला, विषारी असतं.

न्यूजर्सीची_वहिनी | २१ जुलै, संध्याकाळी ७:३०

पठारावरचा, फळ्या बसवल्यात त्याचे खिळे कसे आहेत? दुपारी उन्हात भिंतीतून कट कट असा आवाज येतो का?

पठारावरचा | २१ जुलै, रात्री ९:००

येतो! आम्हाला वाटायचं पाली.

पॉलिमर_पात्रांव | २१ जुलै, रात्री ९:२५

पाली नव्हेत, मेस्त्री. त्याने खिळे गच्च ठोकलेत. १२ फुटी फळी ३० अंशांनी तापली तर साधारण ७ मिलिमीटरने लांबते. म्हणून खिळ्यासाठी गोल भोक नसतं, लांबट खाच असते. खिळा खाचेच्या मध्ये आणि डोक्याखाली मिलिमीटरभर फट. फळी हाताने डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर ती मध्येच फुगते, आणि फुगलेल्या भागावर ऊन थेट लागून तोच आधी झिजतो.

खाडीकाठ | २२ जुलै, सकाळी ७:१५

मी मघाशी तडकून लिहिलं, तरी मुद्दा सोडत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी पश्चिमेला विणलेल्या चुडतांचा आडोसा बांधायचे मे अखेरीस, आणि दसऱ्याला सोडून चुलीत. भिंत कोरडी, खर्च माडाचा. भिंतीला बाराही महिने श्वास घेता यायचा. तुमच्या प्लॅस्टिकमागे काय चाललंय ते कुणी बघितलंय?

पॉलिमर_पात्रांव | २२ जुलै, सकाळी ८:४०

खाडीकाठ, यात तुमचं बरोबर आहे. फळ्या जर पट्ट्यांवर बसल्या असतील आणि मागे हवा खेळायला जागा असेल तर क्लॅडिंग म्हणजे तुमचा चुडतांचा आडोसाच, फक्त बारमाही. पण खाली निघायची वाट बंद केली असेल, कुणी खालची फट सिलिकॉनने भरली असेल, तर आतलं पाणी आतच. खालची कड बघा, तिथे बारीक भोकं असतात, ती मोकळी हवीत. चिऱ्याला ओल ओढायची सवय आहे.

चुडतं विणणारा माणूस मात्र आता शोधून दाखवा.

खाडीकाठ | २२ जुलै, सकाळी ८:५५

तेही खरं.

रेघोट्या | २२ जुलै, दुपारी १:३०

मी घरांची ड्रॉइंगं करतो. एका गोष्टीचं कोडं सुटलं नाही: अमेरिकेतले सगळे लेख सांगतात दक्षिणेची भिंत सर्वांत वाईट. मग पठारावरचा यांची पश्चिम का पिठाळली?

पॉलिमर_पात्रांव | २२ जुलै, दुपारी २:२०

कारण ते लेख ४० अंश अक्षांशावरचे. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेलाच. आपण साधारण साडेपंधरा अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. भर मेमध्ये बाराच्या उन्हात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊनच नसतं. तिला ऊन मिळतं ते दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत, कोरड्या हवेतलं. म्हणून तिचा रंग उडाला पण पीठ कमी. पश्चिमेला वर्षभर दुपारचं तापलेलं ऊन, शिवाय झड, शिवाय समुद्रावरून येणारी खारी ओल.

रेघोट्या | २२ जुलै, दुपारी २:२६

हे आता माझ्या प्रत्येक ग्राहकाला ऐकवणार.

कुळागर | २२ जुलै, संध्याकाळी ६:१०

पण फळ्याच हलक्या प्रतीच्या असतील तर? आमच्या तिस्क उसगावच्या घरी एकाने छताची आतली पीव्हीसी पॅनेलं बाहेर भिंतीला ठोकून दिली. दोन पावसाळ्यांत पिवळी, आता बोटाने दाबली तर तडकतात.

पॉलिमर_पात्रांव | २२ जुलै, संध्याकाळी ६:४५

ती बाहेरची नव्हेतच. आतल्या पॅनेलात किरण अडवणारं द्रव्य नावापुरतं. तडकत असतील तर धुणं, रंगवणं सगळं वाया. काढा.

ओळखायचं कसं? एक तुकडा कापून कडेकडे बघा. चांगल्या बाहेरच्या फळीत वर वेगळा पातळ थर दिसतो, सगळा महागडा मसाला त्या थरात. गडद रंगाच्या चांगल्या मालात तो थर पीव्हीसीचा नसून ॲक्रिलिक जातीचा असतो. खोक्यावर एएसटीएम डी ३६७९ असा आकडा असेल तर तो बाहेरच्या पीव्हीसी फळीच्या मानकाचा. फळी वाकवून बघा, वाकली तर जीव आहे.

पठारावरचा | २३ जुलै, रात्री १०:००

वाकते. कडेला थर दिसतो. खालची भोकं मोकळी आहेत, दोन ठिकाणी कुंभारमाशीने घरटं केलं होतं ते काढलं. खिळे पश्चिमेला गच्च, दक्षिणेला ठीक.

मग रंगाचं सांगा. पेंटरला काय सांगू?

न्यूजर्सीची_वहिनी | २४ जुलै, सकाळी ६:३०

ऑइलपेंट नको. तो कडक होतो, फळी लांबते-आखडते, आणि तो तडकून पापुद्रे सुटतात. बाहेरचा शंभर टक्के ॲक्रिलिक, पाण्यात कालवायचा. मूळ रंगापेक्षा गडद छटा अजिबात घेऊ नका. गडद रंग ऊन शोषतो आणि हे प्लॅस्टिक सत्तर अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं. आमच्या मागच्या घराच्या भिंतीवर तर शेजाऱ्याच्या नव्या दुहेरी काचेच्या खिडकीतून परावर्तित झालेल्या उन्हाने फळ्या वितळून वाकल्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पॉलिमर_पात्रांव | २४ जुलै, सकाळी ९:००

आणि चवथीपूर्वी रंग नको म्हणजे नको. सगळ्या गोव्याला श्रावणातच ब्रश सुचतो, पण ओल्या हवेत, पिठावर लावलेला रंग पिठालाच चिकटतो, भिंतीला नाही. चवथीपूर्वी नुसतं धुवा. उघडीप बघून. रंग दिवाळीनंतर.

धुतल्यावर कोरड्या भिंतीवर काळं सुती फडकं घासा, किंवा इलेक्ट्रिशियनची काळी टेप दाबून काढा. पांढरं आलं तर पुन्हा धुवा. पुन्हा धुऊनही थोडं येतच असेल तर आधी पिठाळ पृष्ठभागाला धरणारा ॲक्रिलिक प्रायमर. पश्चिमेची भिंत सकाळी रंगवा, पण थंडीत दंव वाळू द्या, आणि ऊन भिंतीवर यायच्या आत हात आवरा.

पठारावरचा | १६ ऑगस्ट, रात्री ८:१५

अपडेट. उघडीप मिळाली, तेवढ्यात दोन्ही पोरांना ब्रश देऊन तिन्ही भिंती धुतल्या. खालून वर. बादलीतलं पाणी दुधासारखं. उत्तरेचं शेवाळ व्हिनेगरने गेलं. पश्चिम पुष्कळ सुधारली, चकाकी नाही पण रंग दिसतो. चवथ यावरच निभावणार. काकांचा तेलाचा तुकडा मात्र आता काळपट पडलाय, चौकोनी आकारात. डिटर्जंटने अर्धाच निघाला.

आके_मडगांव | १६ ऑगस्ट, रात्री ८:२०

काकांना दाखवलात का?

पठारावरचा | १६ ऑगस्ट, रात्री ८:२२

ते म्हणाले, तेल भेसळीचं होतं.

पठारावरचा | ११ जानेवारी, दुपारी ४:३०

धागा वर काढतो. विचारपूस झाली म्हणून.

पश्चिमेचे खिळे नव्या मेस्त्रीकडून सैल करून घेतले, कट कट बंद. टेपवर अजून थोडं पांढरं येत होतं म्हणून प्रायमर, मग ॲक्रिलिकचे दोन हात, मूळ रंगापेक्षा एक छटा फिकट. पेंटरला दंव वाळेपर्यंत थांबवणं हे सगळ्यात कठीण काम.

दक्षिणेला रंग लावला नाही. वहिनींनी निरोपातून सुचवलं ते केलं: घराच्या मागे, गोठ्याच्या आडोशाला असलेल्या भिंतीच्या फळ्या अडकण सोडवायच्या हत्याराने काढून दक्षिणेला दर्शनी भागात लावल्या, कारण त्या तितक्याच जुन्या असल्याने बाजूच्यांशी बऱ्यापैकी जुळतात. नव्या कोऱ्या फळ्या मागे, जिथे कुणी बघत नाही. उत्तर नुसती धुतलेली.

रेघोट्या | ११ जानेवारी, संध्याकाळी ५:०५

उरलेल्या फळ्या टाकू नका, सावलीत आडव्या ठेवा. रंगाचा छटा क्रमांक डब्यावरून फोटो काढून ठेवा, डबा गंजतो.

पठारावरचा | ११ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

फोटो काढला. फळ्या माळ्यावर आहेत. थोड्या मला लागतील, बाकी म्हापसा-पर्वरी भागात कुणाला त्याच नमुन्याच्या हव्या असतील तर निरोप करा, न्यायला गाडी मात्र तुमची. लांब आहेत, रिक्षात मावत नाहीत.